बांध जरा डावीकडे

चित्रकला हा निरुपद्रवी छंद आहे असं ज्याला वाटतं, त्याच्या घराण्यात शेतजमीन नसावी. आमच्यात आहे. ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आहे. माझ्या नावावर फक्त एक चित्र आहे, आणि सध्या भावकीत जमिनीपेक्षा त्याचीच चौकशी जास्त होते.

माझं या विषयातलं शिक्षण आधीच सांगून टाकतो. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत बी ग्रेड. ए ग्रेडवाला पुढे चित्रकार होतो. सी ग्रेडवाला वेळीच शहाणा होतो. बी ग्रेडवाला जन्मभर नातेवाइकांच्या लग्नात थर्माकोलवर नवरा-नवरीची नावं कोरत बसतो. एरवी मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. वॉशर गोल आहे की नाही, हे दिवसभर बघतो. बहुतेक गोल असतात.

तर तिथंच, चिकलठाण्याला, आप्पांनी नवा फ्लॅट घेतला, आम्ही राहायलाही आलो आणि वास्तुशांती ठरली. आणि एक दिवस द्वारकाआत्याचा आवाजी मेसेज आला. आत्या टाईप करत नाही. बोलते, आणि मोबाईल म्हणजे विहिरीपलीकडचा माणूस आहे असं समजून बोलते.

"बद्रीऽऽ! म्या तात्याला सांगितलंय, बद्री आपलं पाचोडचं रान रंगवायलाय, नव्या घरात भितीला लावायलाय. रान बघायला तरी ये म्हणलं. यतो म्हणलाय. आता तू रंगव. फोटू धाडलाय."

ह्या 'यतो म्हणलाय'चं वजन कळायला थोडं भावकीत शिरावं लागेल. तात्यासाहेब हे आप्पांचे थोरले भाऊ. पाचोडची जमीन दोघांत निम्मी निम्मी वाटलेली, आणि मधे बांध. मी चौथीत असताना आप्पांच्या मते तात्यांनी तो बांध नांगराने कोरला. तात्यांच्या मते बांध आहे तिथंच आहे, आप्पा शहरात जाऊन सरकले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. लग्नकार्यात समोरासमोर आलेच तर मधल्या माणसाकडे बघून बोलतात. "त्याला म्हणावं, मीठ दे." मधला माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

आत्या दोघांहून मोठी. दोघंही तिला आक्का म्हणतात. लग्न होऊन ती खुलताबादला गेली. जमिनीत तिला काही नको होतं, असं दोघंही सांगतात. दोघा भावांचं एकमत असलेली ही एकच गोष्ट.

"डोळ्यातला मोतीबिंदू पिकायच्या आत," आत्या पुढे म्हणाली, "मला दोघांला एका पंगतीला बसलेलं बघायचंय. चित्र चांगलं काढ. आन् लौकर काढ, डावा डोळा पिकत आलाय."

म्हणजे दोन भावांचा समेट आणि एक डोळा, इतकंच त्या चित्रावर अवलंबून होतं. मी फोटो उघडला.

आत्या तात्यांकडे पाचोडला गेली होती तेव्हा तिने बांधाच्या तोंडाशी उभं राहून तो काढला होता. वर भरपूर आभाळ, खाली काळं रान, बरोबर मधून लांब जाणारा बांध आणि त्यावर एक बाभूळ. डावीकडचं रान आप्पांचं, उजवीकडचं तात्यांचं. उजव्या कोपऱ्यात मात्र तांबूस, गोलसर, जरा धूसर असा डोंगर होता. त्याच्या माथ्यावर लांबट, फिकट, चकचकीत असं काहीतरी. तळं असावं. मला बरं वाटलं. नुसत्या सपाट रानाला चित्रात उठाव येत नाही.

"पाचोडला डोंगर?" आप्पा चष्मा पुसत म्हणाले.

"फोटोत आहे."

"मी तिथं जन्मलो रे."

"जन्मताना कोण आजूबाजूला बघतं?" मी म्हणालो. आप्पांनी विषय सोडला. त्यांना रिटायर झाल्यापासून सगळ्यावरचा भरवसा कमी झालाय, स्वतःवरचा धरून.

नुसत्या रंगात हे चित्र काढायचं नाही, हे मी ठरवलं. मोबाईलवर एका परदेशी बाईंचा व्हिडिओ पाहिला होता. त्या फोटो समोर ठेवून समुद्रकिनारा काढत होत्या आणि त्यात खरी वाळू, खरे शिंपले, दोऱ्याचं जाळं असं चिकटवत होत्या. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. बाईंच्या मागे शांत खिडकी होती आणि त्या खिडकीतून त्यांना कुणीही सल्ला देत नव्हतं. हा मुद्दा माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवा होता.

पैठण गेटजवळच्या दुकानात गेलो. दुकानाचे चाचा म्हाताऱ्या माणसाच्या सावकाशीने ब्रशांवरची धूळ ब्रशानेच झटकत होते.

"क्या होना बेटा?"

"मिक्स्ड मीडिया करायचाय. शेताचं चित्र."

"क्या क्या मिलाना उसमें?"

"माती. ज्वारी. कापूस. गोणपाट."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. "तो इधर कायकू आये? मोंढे में जाओ ना."

तरी धान्यबाजारात न हाकलता त्यांनी मला फेविकॉलचा डबा, रंग आणि एक कॅनव्हास दिला. कॅनव्हास मी घरी आणला तेव्हा जिन्यात मुंजाबाकाका भेटले. मुंजाबाकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. कॅनॉलच्या कामावर ओव्हरसियर होते. रिटायर झाले तरी त्यांच्यातला ओव्हरसियर झाला नाही. त्यांनी कॅनव्हासवर टिचकी मारली.

"हे काय?"

"यावर माती लावायचीय काका."

"ह्यावर? अहो, बेस नको का? बेस पक्का नसेल तर कॅनॉल फुटतो, तिथं चित्राची काय कथा! प्लायवूड घ्या जाड. त्यावर कोंबडीची जाळी ठोका. मग माती. पन्नास वर्षं हलणार नाही."

पन्नास वर्षं हलू नये असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. पण काका स्वतः हातोडी घेऊन आले. मला नाही म्हणायला जमत नाही, हा आमच्या घरातला गुण माझ्यात आईकडून आला आणि आईत कुठून आला ते तिलाही कुणाला विचारायला जमलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या चतुराबाईंनी दारातूनच पाहणी केली. "वास्तूत काटेरी झाड नसावं. बाभळीच्या जागी आंबा काढ."

"बाभूळ बांधावरची खूण आहे मावशी. आंबा काढला तर तात्या म्हणतील, खूण बदलली."

"मग काटे काढू नको," त्या म्हणाल्या. हे मी मान्य केलं. आमच्या चित्रात ती बाभूळ बिनकाट्याची आहे. कुणी विचारलं तर लहान आहे म्हणून सांगायचं.

आईला हंस हवे होते. पाचोडच्या शिवारात हंस आजवर कुणी पाहिलेला नाही. शेवटी तडजोड म्हणून डोंगराच्या माथ्यावरच्या तळ्यात मी दोन बगळे बसवले आणि त्यांच्या माना थोड्या वाकवल्या. लांबून हंस, जवळून बगळे. संसारात हे बऱ्याच गोष्टींबाबत खरं असतं.

मातीसाठी पाचोडला गेलो. आप्पांच्या रानातली माती पिशवीत भरतोय तोच पलीकडून बन्सी आला. बन्सी म्हणजे तात्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ. मोठ्यांनी न बोलायचं ठरवल्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमतं.

"काय नेतो?"

"माती. चित्राला."

"आन् आमची?"

"तुमची कशाला?"

"आसं कसं? आमच्या रानाला तुमची माती लावशील का? तात्याला वासानं कळतं. ही घे दुसरी पिशवी. आन् मिसळू नको, न्हाईतर पुन्हा वाटण्या कराव्या लागतील."

दोन पिशव्या घेऊन एसटीत बसलो. कंडक्टरने पायाने पिशवी चाचपली.

"काय हाय यात?"

"माती."

"आन् त्यात?"

"तीही मातीच. पण वेगळ्यांची."

"परवाना?"

"मातीला?"

"गौण खनिज हाये ते. आसं उचलून न्हेता येत न्हाय." आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. वॉशर तपासणारा माणूस खनिज-चोर म्हणून पकडला जातोय, हे बघायला कुणाला आवडणार नाही? मागच्या सीटवरची एक आजी मला कोपराने ढोसत म्हणाली, "पूजेची हाय म्हण की, बावळटा." मी म्हणालो, पूजेची आहे. कंडक्टरने दोन्ही पिशव्यांना हात लावून नमस्कार केला आणि दोन्हींचं लगेज तिकीट फाडलं.

मग बाल्कनीत कामाला लागलो. आभाळात कापूस डकवला. क्षितिजाला आईच्या जुन्या इरकलीचा काठ. डोंगराला भिंतीची पुट्टी आणि गेरू. तो इतका सुरेख जमला की बगळेही खूश दिसत होते. आणि मग व्हिडिओतल्या बाईंचा नियम आठवला. महत्त्वाची रेघ चित्राच्या मधोमध नसावी, चित्राचे मनातल्या मनात तीन भाग करावेत आणि ती एका तिसऱ्या भागावर घ्यावी. नजरेला बरं वाटतं. फोटोत बांध मधोमध होता. मी तो जरा डावीकडे घेतला; बाभूळ आधीच काढून झाली होती, ती मधेच राहिली.

संध्याकाळी आप्पा बाल्कनीत आले. वीत लावून डावीकडचं रान मोजलं. मग हळूच म्हणाले, "माझं रान एवढंच?"

"ते कॉम्पोझिशन आहे, आप्पा."

"तात्याही हेच म्हणाला होता. शब्द वेगळा वापरला होता."

आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि त्या मातीच्या उंचवट्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं जो बांध त्यांना रात्री झोपेत कोरला जाताना ऐकू येत होता, तो पोटच्या पोराने प्लायवूडवर कोरून दाखवला होता.

"फोटोवरून काढू नको," ते शेवटी म्हणाले. "नकाशावरून काढ. सरकारी."

तर मी रजा टाकून जमिनीच्या मोजणीच्या एका ऑफिसात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, नकाशा कशासाठी? मी म्हणालो, चित्रासाठी. ते म्हणाले, असं कारण नाही. कर्ज आहे, कोर्ट आहे, खरेदी आहे. 'इतर' पण आहे, पण इतरमधे काय ते स्पष्ट लिहावं लागतं. मी स्पष्ट लिहिलं: निसर्गचित्र. ते वाचून साहेबांनी शेजारच्या साहेबांना दाखवलं, त्यांनी त्यांच्या शेजारच्यांना. मग सगळ्यांनी मला आत बसवून चहा पाजला आणि समजावलं, "साहेब, 'वाद' लिहा. वादाला लगेच मिळतो." मी म्हणालो, वाद अजून झालेला नाही. ते म्हणाले, होईल.

नकाशा मिळाला. आप्पांनी शिसपेन्सिलीने आणि पट्टीने मापं घेतली आणि मी बांध उजवीकडे घेतला, मधोमधच्याही जरा पलीकडे. डावीकडचा जुना बांध मात्र निघेना. मुंजाबाकाकांची जाळी आणि फेविकॉल यांनी त्याला पन्नास वर्षांसाठी धरून ठेवलं होतं. आता चित्रात दोन बांध झाले. मधल्या पट्ट्यात बाभूळ एकटीच, कुणाची ते न कळून उभी.

याच वेळी आईने कौतुकाने चित्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली हात जोडले. पाचोडहून बन्सीचा फोन आला.

"बद्री, तात्या फोटू मोठा करकरून बघायलेत."

"काय म्हणतात?"

"काय न्हाय. नुसतंच बघायलेत. ते वाईट असतं." मग फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला आणि तात्याच बोलले. "बद्री, म्या यनार हाय. पर यिऊन आधी बांध बघन. बराबर आसला तर जेवन. न्हाईतर पानी बी न पिता माघारी."

मी बाल्कनीत बसून पुष्कळ विचार केला आणि मला एक तोडगा सुचला, ज्याचा मला आजही अभिमान आहे आणि ज्याबद्दल मी आजही माफी मागतो. दोन्ही बांध तसेच ठेवायचे. मधल्या पट्ट्यात ज्वारी पेरल्यासारखी दाखवायची. आप्पांना उजवा बांध खरा वाटेल आणि पीक आपलं. तात्यांना डावा बांध खरा वाटेल आणि पीक आपलं. फेविकॉल संपला होता. मी त्या पट्ट्यात आणखी ओली माती थापली आणि डब्यातली ज्वारी बोटांनी दाबून बसवली.

वाळल्यावर चित्राला भेगा पडल्या. काळ्या मातीचा धर्मच तो. उन्हाळ्यात पाचोडच्या रानात जशा पडतात तशाच पडल्या. फोटोशी तंतोतंत, पण भेगांमधून कोंबडीची जाळी दिसायला लागली. मुंजाबाकाकांनी कपाळाला हात लावला.

"क्युरिंग केलं नाही ना? प्लॅस्टर करून पाणी मारलं नाही? काय शिकवतात हो तुम्हाला त्या इंटरमिजिएटला?"

त्यांनी स्वतः ओलं गोणपाट आणून चित्रावर पसरलं. सकाळ-संध्याकाळ भिजवायचं, असं सांगितलं. आमच्या शहरात नळाला पाणी वारावर येत नाही, नक्षत्रावर येतं. आईने तांब्यातांब्याला हिशेब लावला. "माणसांनी आंघोळी करायच्या का डोंगराने?" ती विचारायची. पण पाहुणे यायचे होते, भेगा बुजायला हव्या होत्या. मी निम्मी आंघोळ करून उरलेलं पाणी चित्राला घालत होतो. कलेसाठी कलावंत उपाशी राहतात असं वाचलं होतं. पारोसे राहतात हे कुणी लिहीत नाही.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी गोणपाट उचललं. भेगा बुजल्या होत्या. मधल्या पट्ट्यात हिरवीगार, बोटभर उंच, दाट ज्वारी उगवली होती.

"उपटतो," मी म्हणालो.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. तिने पदर डोक्यावर घेतला होता. "घट बसवल्यासारखं झालंय. रानातली काळी माती, त्यात धान्य, आणि उगवलंय कसं दाट! वास्तूच्या तोंडावर देवाचं धान कुणी उपटतं का?" आणि तिने प्लायवूडच्या कडेला हळद-कुंकू वाहिलं. चतुराबाईंनीही वाहिलं. त्यांना आता बाभळीचं काही वाटत नव्हतं.

एवढ्या वजनाला खिळ्याचा प्रश्नच नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'भिंतीवर शेती' या विषयाला परवानगी देता येत नाही असं सांगितलं, मग 'फोटो' म्हणून दिली. मुंजाबाकाकांनी चार लोखंडी अँगल ठोकले आणि दोघातिघांनी मिळून चित्र हॉलमधे चढवलं. भिंत जराशी कुरकुरली.

दुसऱ्या दिवशी होम झाला. धुराने सगळ्यांचे डोळे पाणावलेले असतानाच तात्यासाहेब आले. पांढरा सदरा, टोपी, मागे बन्सी. आप्पा पुढे झाले आणि थांबले. तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. चपला काढून थेट चित्रापुढे गेले आणि चष्मा लावला.

तात्यांनी उजव्या बाजूला बोट लावलं, चुरडलं, हुंगलं. "ही मपली हाय." मग डाव्या बाजूचं. "ही त्याची. चोपण हाय."

"त्याला म्हणावं," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "चोपण नाही. कसदार आहे."

"त्याला म्हणावं," तात्याही माझ्याकडे बघून म्हणाले, "कसदार आसती तर बटईनं दिली नसती." मग त्यांनी बोट वर नेलं. "आन् हे दोन बांध काहून?"

मी तोडग्यावर भरवसा ठेवून गप्प राहिलो.

"डावा बांध बराबर हाय," तात्या म्हणाले. "म्हंजी ही ज्वारी मपली."

"उजवा बांध बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "नकाशा आहे माझ्याकडे. ज्वारी माझी."

"मंग जेवन तूच कर तिचं." तात्यांनी टोपी नीट केली. बन्सीने त्यांच्या चपला सरळ केल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. द्वारकाआत्या तिथं उंबऱ्यात पाट घेऊन बसली होती आणि एकच डोळा बारीक करून दोघांकडे बघत होती. तिला एवढ्या लांबून दोघं वेगवेगळे तरी दिसत होते की नाही कोण जाणे.

"बद्री," तात्या माझ्याकडे वळले, "तू काढलंस. तूच सांग. ह्यो मधला पट्टा कुनाचा?"

मी फार दमलो होतो. पारोसा होतो, चार दिवस झोप नव्हती, आणि खोटं बोलायला लागणारी उमेद संपली होती. मी खरं तेच सांगितलं.

"कुणाचाच नाही तात्या. तो चित्राचा नियम आहे. सगळं निम्मं-निम्मं करायचं नसतं. तिसरा हिस्सा धरावाच लागतो."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"तिसरा हिस्सा?" तात्या म्हणाले.

"तिसरा हिस्सा?" आप्पा म्हणाले.

मग कुणी न सांगता सगळा हॉल हळूहळू उंबऱ्याकडे वळला. मला कुणाकडे बोट दाखवायचं नव्हतं. मी परदेशी बाईंबद्दल काही बोलायला गेलो, पण तोवर आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली होती. ती चित्रापाशी आली आणि नाक लावून बघितलं.

"आन् ह्यो डोंगर कशाचा रे?"

"तुझ्याच फोटोत होता, आत्या. हा बघ तांबूस. वर तळं."

आत्याने डोंगरावरून बोट फिरवलं. तळ्यातल्या बगळ्यांवर थांबलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

"आरं येड्या बद्र्या, पाचोडला कुठला डोंगर! फोटू काढताना बोट मधी आलं. ह्यो मपला अंगठा हाय!"

तिने उजवा अंगठा वर केला आणि डोंगराशेजारी धरला. तोच तांबूसपणा, तोच गोल माथा, तेच लांबट नख. नखात दोन बगळे.

हॉलमधे हसू फुटलं. मुंजाबाकाका तर खाली बसले. माझी इंटरमिजिएटची बी ग्रेड त्या क्षणी सी झाली हे मला स्पष्ट कळलं. आत्या मात्र आता हसत नव्हती. अंगठा तसाच वर होता.

"एक डाव कागदावर दिला व्हता ह्यो," ती म्हणाली. "हक्कसोड का काय ते. तुम्ही दोघं दोन बाजूला बसला व्हतात. शाई पुसाया फडकं बी म्याच शोधलं. तवा कुनाला येवढा मोठा दिसला न्हाय." तिने तो हिरव्या ज्वारीवरून अलगद फिरवला. "आन् बघा की. तुमच्या दोघांच्या रानात काय न्हाय. पीक मपल्याच पट्ट्यात आलंय."

मग दोघं भाऊ एकदम बोलले.

"आक्का, तसं नसतं—"

"आक्का, तसं नस्तंय—"

आणि एकमेकांकडे बघितलं. मी चौथीत असल्यापासून पहिल्यांदाच, मधे मला न घेता.

"तू सांग तिला," तात्या म्हणाले. "तू शिकेल हाईस."

"तू थोरला आहेस. तू सांग."

"बांध हाय तिथंच बरा हाय, असं सांग."

"बरोबर आहे. आहे तिथंच बरा आहे," आप्पा म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

पंगतीला दोघं शेजारी बसले. डोक्याला डोकं लावून, दबक्या आवाजात. 'वकील', 'मुली', 'कायदा' असे शब्द मला वाढताना ऐकू येत होते. आप्पांनी मीठ स्वतःच्या हाताने तात्यांच्या पानात वाढलं. तात्यांनी आपल्या पानातली पोळी मोडून आप्पांना दिली. समोरच्या पंगतीत आत्या चांगला डोळा मोठा करून हे सगळं बघत होती आणि तिसरी पुरणपोळी मागत होती.

मी तूप वाढायच्या निमित्ताने वाकलो. "आत्या, खरंच हिस्सा मागणारेस?"

"बसले का न्हाय एका पंगतीला?"

"बसले."

"मंग झालं." ती घास चावत राहिली. "इतकी वर्सं भांडत व्हते ते बांधासाठी. आता येक व्हतील ते माझ्या भ्यावानं. म्या हिस्सा नको म्हणले तर सुटतील, कायच न्हाय बोलले तर बसतील." तिने अंगठ्यावरचं तूप चाटलं. "म्या मागन का न्हाय, ते म्या बी अजून ठरविलं न्हाय. वाढ अजून."

जाताना तिने चित्र मागितलं. "मपला पट्टा हाय त्यात," म्हणाली, आणि पुढे त्यावर कुणी वाद घातला नाही. मुंजाबाकाकांनी अँगल उखडले. बेस इतका पक्का होता की मला आणि बन्सीला चित्र हलेना. शेवटी दोघं भाऊच पुढे आले. खाली तात्या, वर आप्पा, मधे पाचोडचं रान. जिन्याच्या वळणावर अडकले.

"आप्पा, जरा डावीकडे घे," तात्या खालून ओरडले.

आप्पा थबकले. वरच्या पायरीवर मी, आई, चतुराबाई श्वास धरून उभे.

"घेतो," आप्पा म्हणाले, आणि डावीकडे घेतलं.

हॉलच्या भिंतीत आता चार भोकं आहेत. ती बुजवायला मुंजाबाकाका रोज एकदा येतात आणि बेस चांगला नसल्याचं सांगून जातात. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आप्पा हल्ली गावाला जातात आणि मग तात्यांना घेऊन खुलताबादला. आक्काची तब्येत बघायला, असं म्हणतात. तिची तब्येत उत्तम आहे. बघायला जातात ते पीक.

काल आत्याचा आवाजी मेसेज आला. "बद्रीऽऽ! ज्वारीनं गुडघा गाठला! बगळे झाकून गेले! फोटू धाडलाय!"

मी फोटो उघडला. अंगणात भिंतीला टेकवलेलं चित्र, त्यातून वर आलेली ज्वारी. तिच्यापुढे उकिडवे बसलेले दोघं भाऊ, ज्वारीचं एक धाट हातात धरून फोटो काढणाऱ्या आत्याला काहीतरी समजावत असल्यासारखे. आणि उजव्या कोपऱ्यात एक डोंगर.

या वेळी मी तो ओळखला.